पंख्याच्या कडीवरची चित्रं

आमच्या क्वार्टरच्या दारामागे नियमांचा एक कागद डकवलेला होता. वर इंग्रजी, खाली हिंदी. त्यातला चौथा नियम मला तोंडपाठ होता: दीवार में कील ठोकना मना है. बाकीचे नियम मी कधी धड वाचले नाहीत. हा एकच मला उठताबसता टोचायचा, कारण माझ्या कॉटखाली फ्रेम केलेली सात चित्रं जुन्या लुगड्यात गुंडाळून पडली होती.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं ते दिवस. आम्ही साताऱ्याकडची माणसं. आमच्या ह्यांना तिथं नोकरी लागली आणि लग्नानंतर दोन महिन्यांत मी बोईसर स्टेशनावर उतरले, एक ट्रंक, एक वळकटी आणि ही सात चित्रं घेऊन. चित्रं माझ्या वडिलांची. ते गावातल्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. लोक लेकीच्या रुखवतात पितळेची भांडी मांडतात, बाबांनी आपली चित्रं मांडली. गावच्या सुताराकडून फ्रेमा करून घेतल्या, काचा साताऱ्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणल्या. सासरच्या बायका रुखवतासमोरून फिरल्या आणि माझी मोठी जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगंबाई, ह्यात भात कसा शिजवायचा?"

तेव्हा मी मान खाली घालून बसले होते म्हणून वाचली ती. माझा स्वभाव तापट आहे, आजही आहे.

बाबांच्या स्वतःच्या घरात त्यांचं एकही चित्र कधी लागलं नाही. मातीच्या भिंती, त्यांना वाळवी आणि जी काय चार खुंट्यांची जागा होती ती देवांची. देवाशेजारी मिरच्यांच्या वाळवणाचं चित्र लावायचं म्हटल्यावर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून चित्र पूर्ण झालं की ते पेटीत जायचं. बाबा कधीमधी पेटी उघडून कागद उलटेपालटे करत आणि परत झाकण लावत. मी लहानपणी त्यांना वचन दिलं होतं, माझं घर झालं की सगळी लावीन. आणि घर मिळालं ते असं, खिळा न मारता येणारं.

दोन वर्षं अशीच गेली. आणि एका मंगळवारी भावाचं पत्र आलं. बाबांचा उजवा डोळा गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि तो नेहमीसारखा साधा नाही असं म्हणत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढचा मंगळवार ऑपरेशनला दिला होता. दिसेल की नाही याची खात्री डॉक्टर देत नव्हते. 'आत्ता त्यांना वीतभर अंतरावरचं तेवढं दिसतं, तेही भरपूर उजेड असला तर,' भावाने लिहिलं होतं. 'ते म्हणतात, ऑपरेशनच्या आधी एकदा पोरीचं घर बघायचं. रविवारी दुपारी येतील, संध्याकाळी परत जातील. आईला म्हैस सोडून निघता येत नाही. दादरला जावईबापूंनी घ्यायला यावं.'

पत्र वाचून मी रडले, पण फार तर पाच मिनिटं. मग माझ्या अंगात वारंच शिरलं. रविवारला पाच दिवस! बाबा आपली चित्रं लावलेली बघणार! आयुष्यात पहिल्यांदा आणि कदाचित शेवटचं. मी कॉटखालून गाठोडं ओढलं, पदर खोचला आणि चौथा नियम गेला खड्ड्यात असं म्हणून एक खिळा शोधला. हातोडी कुठली असणार, पाट्याचा वरवंटा घेतला आणि हाणला.

खिळा वाकला. भिंत आतून सिमेंट काँक्रीटची. वरून रुपयाएवढा गिलावा मात्र खाली पडला. संध्याकाळी हे आले तेव्हा मी पांढऱ्या दंतमंजनात पाणी कालवून ते भोक बुजवत होते.

ह्यांची नोकरी अजून कच्ची होती. स्वभावाने आधीच भित्रे, त्यात हे. "तू चित्रं टांगशील आणि ते मला टांगतील," म्हणाले. पण पत्र वाचल्यावर स्वतःच वर बघायला लागले. "भिंतीला मनाई आहे. छताचं काही लिहिलेलं नाही."

छताला पंख्याची एक जाड लोखंडी कडी होती. पंखा नव्हता, तो घेण्याची ऐपत यायला वेळ होता. कडी मात्र अशी भक्कम की तिला म्हैस टांगावी. मला तिथल्या तिथे सुचलं. बाबांना एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे धडपडत न्यायचं तरी कशाला? त्यांना मधोमध खुर्चीत बसवायचं आणि चित्रंच त्यांच्या नाकासमोर आणायची. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यासारखी! दोन बांबू आडवेतिडवे बांधून कडीला अडकवायचे, चार टोकांना चार चित्रं आणि हाताने हळूहळू फिरवायचं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी साहेबांना विचारून परांचीच्या टाकाऊ बांबूचे दोन तुकडे आणले. आता दोरी. सुतळीवर माझा विश्वास नव्हता, खाली काच होती. तेवढ्यात दारात हाक आली, "बाय, बोंबील हाय ताजा!"

ही जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची मासळीवाली. आमच्याकडे नदीचा मासा खायची सवय, समुद्राचा मासा निवडायला, कापायला, तळायला मला हिनेच शिकवलं होतं. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. मी तिला मावशी म्हणायची. तिने टोपली उतरवली, जमिनीवर पसरलेले बांबू आणि चित्रं बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्या काय मांडलाय?"

मी सांगितलं, चित्रं टांगायची आहेत, खिळा मारायचा नाही.

"मंग दोरीला घाबरता कशाला? आमी अख्खी होडी दोरीवर ठेवतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी टोपलीत मासळीखाली जुन्या जाळ्याची दोरी घेऊन आली. नवापुरात नायलॉनची जाळी नुकती येऊ लागली होती, सुती जाळ्यांच्या दोऱ्या घराघरात पडून होत्या. दोरी मजबूत होती, पण वास! घरात पाऊल ठेवताच बंदरावर आल्यासारखं वाटायचं. मी उदबत्ती लावली आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

खरी गंमत पुढे झाली. पुराचं चित्र मोठं, शाळेच्या घंटेचं लहान. बांबू कडीला अडकवला की पूर खाली आणि घंटा छताला! मी घंटेच्या दोरीला पितळी तांब्या बांधून बघितला, वरवंटा बांधून बघितला. मावशी पोट धरून हसली. मग तिने कनवटीची पिशवी उघडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या काढल्या, घंटेच्या फ्रेममागे एकेक करून ओवल्या आणि सातव्या गोळीला बांबू असा सरळ झाला की मी टाळ्या पिटल्या. गाठी तिने मारल्या, होडीच्या. ओढली तर आवळते आणि आपल्याला सोडवता येत नाही. मी खुर्चीत बसायची, डोळे किलकिले करायची, "आणखी चार बोटं खाली," म्हणायची आणि मावशी दोरी सोडायची. शेवटी चारही चित्रं बरोबर माझ्या नाकासमोर आली. नदीचा पूर, बैलबाजार, शाळेची घंटा, माळावरची बाभूळ. बाबांचं नाक माझ्यापेक्षा थोडं उंच असणार, तो हिशेबही धरला.

राहिली तीन. मिरच्यांच्या वाळवणाचं चित्र मी भांड्यांच्या मांडणीत ताटांच्या रांगेत उभं केलं. ते तिथं इतकं शोभलं की मी दर दोन मिनिटांनी उगाच पाणी प्यायला आत जाऊ लागले. आमच्या म्हशीचं चित्र दाराच्या आतल्या कडीला टांगलं. दार लावलं की म्हैस समोर येई आणि उघडलं की भिंतीआड जाई. शेवटचं होतं बाबांचं स्वतःचं. आरशात बघून काढलेलं, डोक्याला टोपी, एक भुवई जराशी वर. या चित्रावर ते कधी खूश नव्हते. "मी सोडून बाकी कोणीही वाटतो यात," असं म्हणायचे. ते मला वेगळं, मानाने ठेवायचं होतं. कोपऱ्यात दुसरी खुर्ची ठेवली, तिच्यावर धुवट पांढरी चादर घातली, वर चित्र टेकवून ठेवलं. वास अजून गेला नव्हता म्हणून उदबत्तीचं घरही तिथंच सरकवलं.

मावशी जाता जाता त्या चित्रासमोर थबकली. "ह्यो कोण?"

"माझे बाबा," मी म्हणाले आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले. "हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, मावशी. रविवारी."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खारट, थंड हात. टोपली उचलून गेली. मी डोळे पुसले आणि बांबू फिरवून बघायला धावले.

रविवारी सकाळी हे दादरहून बाबांना घेऊन निघणार होते. बोईसरहून आमच्या वसाहतीकडे बस यायची, तिच्या थांब्यावर मी अकरापासून उभी. दाराला नुसती कडी घातली होती, तिथं कुलूप कोण लावतंय. एक बस आली, त्यात हे नव्हते. दुसरीही रिकामी गेली. तिसरीतून आधी ह्यांचा हात दिसला आणि त्या हाताला धरून बाबा उतरले. एका हातात ह्यांचा दंड, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या.

तांब्या बघून मला हसू आलं आणि रागही आला. आमच्याकडची पद्धत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. शिकलेसवरलेले मास्तर, पण या बाबतीत आजीच्या वरताण. घरून पाणी घेऊन आले होते, फडक्यात भाकरीही होती. दोन वर्षांत माझ्या घरी आले नाहीत ते यामुळेच. त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बाबा, चला, गंमत आहे."

दार उघडलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबांच्या चित्राला भला मोठा मोगऱ्याचा हार घातला होता. काचेवर, बरोबर कपाळावर, ठसठशीत कुंकू. समोर केळीच्या पानावर तळलेल्या पापलेटचे दोन तुकडे आणि फोडलेला नारळ. उदबत्त्या चार. आणि बाजूला डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून मावशी बसलेली.

तिने मान वर केली. चित्राकडे बघितलं, दारातल्या बाबांकडे बघितलं, परत चित्राकडे. तोंडावर हात दाबला आणि भिंतीला घासत घासत स्वयंपाकघरात पळाली.

मला एका क्षणात सगळं कळलं. पांढरी चादर, उदबत्ती, माझे डोळे. आपल्याकडे काचेमागे कोण असतं? एक देव, नाहीतर गेलेलं माणूस. तिच्या घरात दोनच फ्रेमा होत्या, एक एकवीरेची आणि दुसरी समुद्रात गेलेल्या तिच्या नवऱ्याची. रविवारी बापाचं वर्षश्राद्ध आहे आणि पोरीला इथं कोणी नाही, असं समजून ती बिचारी जवळच्या माहीमच्या वाडीतून फुलं घेऊन आली होती.

आणि दोन दिवसांनी ऑपरेशन! अशा वेळी माणसाला स्वतःच्या तसबिरीला हार बघावा लागला तर? मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, हार काढा. ह्यांनी पाठीमागे हात नेऊन ओढायला सुरुवात केली. हार निघेना. मावशीने तो फ्रेमला बांधला होता, होडीच्या गाठीने. ओढला तशी गाठ आणखी आवळली. शेवटी हे चित्रासमोर पाठ करून उभेच राहिले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले.

बाबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना मी मधल्या खुर्चीत बसवलं, उजेड चित्रांवर पडावा म्हणून पाठ खिडकीकडे केली आणि बांबूला हात लावला.

"बाबा, डोळा उघडा."

पहिला पूर आला. त्यांच्या नाकापासून चार बोटांवर. बाबा दचकून मागे सरले, मग पुढे झुकले. "अरे! हा तर घाटावरचा पूर." त्यांचं बोट काचेवरून पाण्याच्या रेषेमागोमाग गेलं. मी फिरवलं. बैलबाजार. "ह्या खिलाऱ्याचं शिंग चुकलं होतं," ते म्हणाले, "अजून चुकलेलंच आहे लेकाचं." मी फिरवलं. घंटा. बाभूळ. समुद्राकडून वारा आला आणि बांबू आपोआप फिरू लागला. पूर, बैल, घंटा, बाभूळ, परत पूर. बाबा लहान मुलासारखे हसत होते. "अगं, पळतायत की! थांबव, थांबव! नाही, नको थांबवू!" त्यांच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना फुरसत नव्हती. असा आनंद मी त्यांना कधी झालेला पाहिला नव्हता. मलाही नंतर तसा झाला नाही.

मग ते उठले. "सात दिली होती मी."

मिरच्या मी त्यांना मांडणीजवळ नेऊन दाखवल्या. मांडणीआड मावशी अंग चोरून उभी होती. म्हैस दार लावून दाखवली. "ही दाराआड बरी लपली," बाबा म्हणाले, "खरी अशी कधी लपली नाही." मग जरा थांबून त्यांनी हवेचा वास घेतला. मोगरा, उदबत्ती, तळलेला मासा.

"आणि मी कुठंय?"

हे चाचरत म्हणाले, "मामा, ते... ते नंतर बघू." पण बाबा वासाच्या मागे निघाले होते. ह्यांना त्यांनी हाताने बाजूला केलं, चादर चाचपली, फुलं चाचपली आणि वाकून नाक काचेला लावलं. मी मनात देवाला म्हणत होते, तेवढं कुंकू तरी दिसू नये.

बाबांनी बोटाने कुंकू पुसून बोटाकडे बघितलं. "कोणी केलं हे?"

मावशी बाहेर आली. त्या खणखणीत बाईचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला. "मी केला, बाबा. माजी चूक झाली. आमच्यात काचेमागं जिता माणूस नाय ठेवत. मला वाटला..."

"थांब," बाबा म्हणाले. "मी दारात आलो तेव्हा तू मला ओळखलंस?"

"एका नजरंत! तीच भुवई, तोच तोंड. मला वाटला चित्रातून उठून उभं राहिलंव."

बाबांनी परत काचेला नाक लावलं. आणि मग असे हसले की शेजारची बाई खिडकीत आली. "म्हणजे जमलंय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पंधरा वर्षं मी समजतोय की चेहरा बिघडला. जमलाय की!"

हसता हसता त्यांचा हात केळीच्या पानाला लागला. "हे काय?"

"तुमचा नैवेद्य," मावशी म्हणाली आणि जीभ चावली.

बाबा खाली चादरीवर बसले. पान पुढ्यात ओढलं. "हे बघ पोरी," मला म्हणाले, "लेकीच्या घरचं जिवंत बापाला चालत नाही. हार घातलेल्या बापाला नैवेद्य चालतो. त्याला कसली आलीय बंदी?" आणि पापलेटचा तुकडा उचलून तोंडात घातला. काटा काढायला मावशीने शिकवलं, मी पुढे होण्याआधी तिनेच. दुसरा तुकडाही संपला. मग त्यांनी फिरकीच्या तांब्याकडे हात नेला, थांबले आणि तो बाजूला सरकवला.

"आता चहा टाक," म्हणाले. "साखर जरा जास्त."

मी चहा टाकला. घाईघाईत अर्धा बशीत सांडला. बाबांनी बशीतला आधी प्यायला, मग कपातला. माझ्या घरचं पाणी माझ्या बापाच्या पोटात गेलं, हे बघत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते आणि मावशी माझ्या पदराने स्वतःचे डोळे पुसत होती.

ऑपरेशन बरं झालं. जाड भिंगाच्या चष्म्याने बाबांना पुढे बरीच वर्षं दिसत राहिलं आणि ते दर वर्षी आले, रिकाम्या हाताने.

आता बोईसरमध्ये आमचं स्वतःचं घर आहे. भिंती माझ्या, खिळे माझे. बाबांचं चित्र समोरच्या भिंतीवर आहे, काचेच्या कडेला कुंकवाचा डाग आहे, तो मी पुसलेला नाही. बाबा गेले तेव्हा भावाने विचारलं, हार घालायचा का? मी नको म्हटलं. त्यांना हार घालून झालेला आहे. हार नाही म्हणून घरी नवीन येणारी माणसं चित्राकडे बघून विचारतात, "वडील का? कुठे असतात?"

मी सांगते, "गावी असतात," आणि चहा टाकायला आत जाते.